चोळीबांगडीचं वावर

आमच्या आडनावाचं गावात घर एकच. गंगाखेड तालुक्यातलं हे गोदाकाठचं गाव भावक्यांनी भरलेलं. आम्हीच तेवढे उपरे. मूळ गाव जिंतूरकडचं, एवढंच वडील सांगत. इथे कसे आलो, हे कुणी विचारलं नाही. थोरली आत्या मात्र एकदा बोलून गेली, "नदीकडलं वावर म्हातारीच्या चोळीबांगडीचं हाय. तुमच्या बापजाद्यानं घेतलेलं न्हाई ते."

म्हातारी म्हणजे माझी पणजी. त्याच वावरातल्या कापसावर आम्ही भावंडं शिकलो. पण सातबाऱ्यावर तिचा पत्ता नाही. 1954चं खासरा पत्रक काढलं, तर तिथून थेट आजोबाच सुरू होतात. त्याआधीचं निजामी दप्तर उर्दूत. एका निवृत्त मास्तरांनी संध्याकाळी बसून फसली सनांचे कागद वाचून दिले आणि चहाखेरीज काही घेतलं नाही. सारा भरणाऱ्यांची नावं तेवढी निघाली, सगळी पुरुषांची.

ती सापडली त्र्यंबकेश्वरला, तीर्थोपाध्यांच्या वहीत. जिंतूरकडच्या गावाखाली पणजोबांचे भाऊ मिळाले, पुढची ओळ रिकामी. गुरुजींनी वही मिटली आणि विचारलं, "आत्ता राहता ते गाव कोणतं?" मग दुसरी, लांबट, लाल कापडात बांधलेली वही निघाली. मोडी अक्षरांवर बोट फिरवत ते वाचू लागले. शके 1822, म्हणजे 1900 साल. यात्रेला आलेला एक शेतकरी, त्याचा बाप, आजा, बायको. त्याखाली विधवा बहीण, नावानिशी. आणि शेवटी भाचा: माझ्या आजोबांचं नाव, आमचं आडनाव, जिंतूरकडचं गाव.

आमच्या घरात जिला सगळे नुसतं 'म्हातारी' म्हणत, तिचं नाव मी तिथे पहिल्यांदा ऐकलं.

सालावरून बाकीचं जुळलं. 1899-1900च्या दुष्काळाने मराठवाडा होरपळून काढला होता. नवरा गेलेली बाई लेकराला घेऊन माहेरी आली. मुलीला जमिनीत वाटा देणारा कायदा तेव्हा कुठे होता? भावाने मनानेच तिला चोळीबांगडीपोटी वावर तोडून दिलं. आधीच दुष्काळाचं साल आणि घरात खाणारी दोन तोंडं वाढलेली. अशा वेळी जमीन देणं म्हणजे काय, हे कोरडवाहू शेतकऱ्याला सांगायला नको.

त्या मामांचे वंशज मी शोधत गेलो. ते आता मानवतला आहेत. त्यांचं गावाकडचं उरलंसुरलं रान 1972च्या दुष्काळानंतर विकलं गेलं. त्यांचे आजोबा रोजगार हमीच्या कामावर खडी फोडत होते, असं ते म्हणाले. बहिणीला दिलेल्या जमिनीची गोष्ट त्यांना ठाऊकच नव्हती. देणाऱ्याचं रान गेलं, घेणाऱ्याचं राहिलं. हा हिशेब मला कुठल्याच बाजूने जुळवता येत नाही, आणि पैशाने तो जुळेल असंही वाटत नाही.

गुरुजींना विचारून मी वहीत आमच्या वंशावळीत पणजीचं नाव घातलं, शेजारी तिच्या भावाचं, आणि वावर कुणी दिलं तेही लिहिलं. आता वेळ अमावस्येला मानवतची माणसं आमच्या, खरं तर त्यांच्याच, वावरात जेवायला येतात. कोपीतली पूजा त्यांच्या हातची असते. सातबारा आमच्या नावावर आहे. त्या दिवशी यजमान मात्र ते.