मोजणीबाहेरचा आवाज

जी गोष्ट आंकड्यांत बसते तिच्याविषयीं आपल्या मनांत एक प्रकारची भीतियुक्त आदरबुद्धि असते. पंचांगांतल्या ग्रहणाप्रमाणें ती वादातीत वाटूं लागते. गायकाच्या लोकप्रियतेचेंहि असेंच झालें आहे. अमेरिकेंतील 'बिलबोर्ड' ह्या व्यापारी साप्ताहिकानें १९४० च्या जुलै महिन्यांत तबकड्यांच्या खपाची आपली पहिली राष्ट्रव्यापी यादी छापली. टॉमी डॉर्सी यांच्या वाद्यवृंदाची एक तबकडी तींत अग्रस्थानीं होती. पुढें १९५२ च्या नोव्हेंबरांत इंग्लंडांत तशीच यादी निघाली. तिच्यासाठीं एका संगीतविषयक साप्ताहिकाचा मनुष्य विसेक दुकानदारांना टेलिफोनवरून खप विचारीत असे; एवढाच काय तो तिचा शास्त्रीय पाया! तेव्हांपासून गायकाचें चरित्र सांगावयाचें म्हणजे त्याचें अमुक गाणें अमुक आठवडे कितव्या पायरीवर होतें तें सांगावयाचें, असा प्रघातच पडून गेला. माझे विद्यार्थी परदेशी गायकगायिकांचीं चरित्रें अशींच मुखोद्गत म्हणून दाखवितात, आणि मी पडलों इंग्रजी वाङ्मयाचा अध्यापक, त्यामुळें तीं मला कौतुकानें ऐकून घ्यावीं लागतात.

आमच्याकडेहि त्याच १९५२ सालीं, डिसेंबरांत, पुढें ज्यानें गाण्यांचा क्रम लावला त्या कार्यक्रमास आरंभ झाला. पण तो झाला सिलोनहून. दिल्लीस नभोवाणीचें खातें त्या वेळीं केसकर ह्या मराठी गृहस्थांकडे होतें, आणि चित्रपटगीतांविषयीं त्यांना असलेला तिटकारा प्रसिद्धच आहे. त्यांनीं दार लोटून घेतलें, आणि रेडिओ सिलोननें अमीन सायानींच्या गोड वाणींतून तें समुद्रापलीकडून उघडलें. 'बिनाका गीतमाला' पुढें कित्येक वर्षें आमच्या मराठवाड्यांतहि दर बुधवारीं श्रद्धेनें ऐकली गेली. परंतु तिच्या पायऱ्यांवर चढण्याचा अधिकार हिंदी चित्रपटगीतांनाच होता. मराठी गाण्याला तेथें पायरी नव्हती. आणि चित्रपटांत न गेलेल्या गायकाला तर अंगणहि नव्हतें.

मग प्रल्हाद शिंदे यांचें काय करावयाचें?

१९३३ सालीं जन्मलेले आणि २३ जून २००४ रोजीं निधन पावलेले हे गायक मंगळवेढ्याच्या बाजूचे. ज्या गांवीं वेस कोसळून चोखोबा गाडले गेले तेंच हें मंगळवेढें. तेथून पंढरपूर अवघें कांहीं कोसांवर. पण चोखोबांना महाद्वाराच्या आंत जातां आलें नाहीं, त्यांची समाधि अजूनहि नामदेवाच्या पायरीसमोर, दाराच्या बाहेरच आहे. तें दार उघडावें म्हणून १९४७ च्या मे महिन्यांत साने गुरुजींना उपोषण करावें लागलें, त्या वेळीं हा मुलगा चौदा वर्षांच्या आंतबाहेरचा असेल. आणि पुढें काय झालें? पंढरीच्या वाटेवर, दिंडीच्या मुक्कामावर, देवळाच्या कर्ण्यावर, जो आवाज आषाढी म्हटली कीं आधीं लागतो, तो ह्या दलित घरांतल्या मुलाचा. ज्याच्या जातीला दाराबाहेर ठेविलें, त्याचा गळा मात्र गाभाऱ्यापर्यंत बिनदिक्कत पोंचला. ह्या घटनेला कोणत्या यादीत कितवा क्रमांक द्यावा?

मीं तो आवाज प्रथम नीट ऐकला तो नांदेडास, १९८० नंतरच्या दशकांत, महाविद्यालयांत शिकत असतांना. वजिराबादेंतल्या रस्त्यावर एक चिंचोळें दुकान होतें. तेथें कोऱ्या कॅसेटींत गाणीं 'भरून' मिळत. गिऱ्हाइकानें चिठोऱ्यावर गाणीं लिहून द्यावयाचीं, आणि दुसऱ्या दिवशीं कॅसेट घेऊन जावयाचें. मुखेड-कंधारकडची मंडळी बाजाराच्या दिवशीं येत आणि त्यांच्या चिठोऱ्यांवर गाण्यांचीं नांवें क्वचितच असत. बहुधा एवढेंच लिहिलेलें असे कीं, 'प्रल्हाद शिंदे, दोन्ही बाजू'. माझ्या मतें गायकाला मिळालेलें याहून मोठें प्रशस्तिपत्र मीं अन्यत्र वाचलेलें नाहीं. पण अर्थशास्त्राच्या दृष्टीनें पाहिल्यास हा खप शून्य होता! कंपनीच्या वहींत तो चढला नाहीं, आणि गायकाच्या, कवीच्या किंवा पेटीवाल्याच्या हातीं त्यांतील एक कवडीहि पडली नाहीं. लोकप्रियता जितकी वाढे तितकी ती वहीच्या बाहेर वाढे.

याच्या उलट भावगीताची गोष्ट. ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' जी. एन. जोशी यांनीं तबकडीवर गायिली, तेव्हां मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यांत कवि, गायक आणि कंपनी तिघांचींहि नांवें एकत्र पोंचलीं. तीन-सव्वातीन मिनिटांच्या त्या तबकडीनें मराठी कवितेवर उपकारच केले, हें मी आनंदानें मान्य करतों. पण भावगीताचा इतिहास लिहिला गेला, आणि कव्वालीच्या मुकाबल्यांचा व जलशांचा लिहिला गेला नाहीं, याचें कारण केवळ रसिकतेचें आहे, असें जर कोणी मला सांगूं लागला तर मी त्यास वामनदादा कर्डकांचें नांव विचारीन. १९२२ सालीं सिन्नर तालुक्यांत जन्मलेल्या ह्या कवीचीं गीतें गांवोगांव गायिलीं गेलीं. तेहि २००४ सालींच, शिंदे यांच्या आधीं महिनाभर, वारले. ज्यांचे शब्द लाखों लोकांच्या ओठांवर होते ते आमच्या वाङ्मयेतिहासाच्या तळटीपेंतहि कष्टानेंच सांपडतात.

मोजणारा बदलला म्हणजे मोजणी कशी बदलते, याचें एक मोठें मनोरंजक उदाहरण त्या 'बिलबोर्ड'नेंच घालून दिलें आहे. १९९१ च्या मे महिन्यापर्यंत त्यांची तबकडी-संग्रहांची यादी दुकानदारांच्या सांगण्यावरून बने. दुकानदार आपल्याला जें प्रतिष्ठित वाटे तें आठवून सांगत. मग विक्रीच्या वेळीं यंत्रानेंच वेष्टनावरील रेघा वाचून गणती करण्याची व्यवस्था झाली, आणि महिन्याच्या आंत काय आक्रीत! एन. डब्ल्यू. ए. ह्या लॉस एंजल्सच्या बाजूच्या कृष्णवर्णीय तरुणांचा संग्रह, ज्याच्या शिवराळपणानें सभ्य लोक कानांवर हात ठेवीत, तो थेट पहिल्या स्थानीं. सप्टेंबरांत गार्थ ब्रुक्स यांचा खेडवळ ढंगाचा संग्रह निघाला तो पहिल्याच आठवड्यांत शिखरावर. श्रोते एका उन्हाळ्यांत बदलले नव्हते. ते पूर्वीहि होतेच. गल्ल्यावर बसलेल्याला ते दिसत नव्हते इतकेंच.

आमच्या गल्ल्यावर तसलें यंत्र त्या काळीं आलेंच नाहीं. कॅसेटींच्या लाटेंत नव्या कंपन्या निघाल्या, एका जुन्या कंपनीची मिरासदारी मोडली, प्रल्हादरावांचे पुत्र आनंद शिंदे यांचें तें पोपटाचें गाणें लग्नाच्या प्रत्येक वरातींत वाजलें, तरीहि आकडा म्हणाल तर ज्याच्या त्याच्या तोंडीं निराळा. मी तो येथें देत नाहीं. नांदेडहून लातुरास येतांना लोहा, अहमदपूर, चाकूर ह्या वाटेवर काळ्यापिवळ्या जीपगाड्या धांवत. १४ जानेवारी १९९४ रोजीं विद्यापीठाचा नामविस्तार झाला त्या सुमारास त्यांपैकीं कांहींत भीमगीतें लागत, कांहींत मुद्दाम लागत नसत. कोणत्या गाडींत बसावें हें प्रवासी कानानें ठरवीत. आणि गंमत अशी कीं, ज्या गाडींत भीमगीत चालत नसे त्या गाडींत पंढरीचें भजन चाले, आणि गाणारा बहुधा तोच असे! चालकाला हें ठाऊक नसे असें नाहीं. एकदां मीं विचारलें, तेव्हां तो समोरच्या रस्त्यावरची नजर न काढतां म्हणाला, "सर, आवाजाला काय जात असती व्हय?" आणि पुढच्या थांब्यावर दोन माणसें त्यानें टपावर बसविलीं, कारण आंत कोणाशेजारीं कोणीं बसावें याचा वाद निघाला होता.

हल्लीं लातुरांत गंजगोलाईला मिळणाऱ्या सोळा रस्त्यांपैकीं एकावर एक तरुण मोबाइलच्या इवल्याशा कार्डांत गाणीं भरून देतो. त्याच्या संगणकावर दोन खण आहेत. एकावर 'देवाचीं' असें लिहिलें आहे आणि दुसऱ्यावर 'जयंती'. प्रल्हाद शिंदे दोन्हींत आहेत. मीं त्याला विचारलें कीं, दोहोंत मिळून गाणीं किती? त्यानें मोजलीं नव्हतीं. एप्रिल जवळ आला होता, मागें सहा गिऱ्हाइकें उभीं होतीं, आणि त्यानें माझें कार्ड घेऊन दोन्ही खण एकदमच त्यांत ओतले.