भोपाळला चार मुक्काम

सुट्टीत लांबच्या प्रवासाला जायचे ठरले, की आमच्या घरचा पहिला प्रवास जेवणाच्या टेबलावरच होतो. २०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीसाठी मध्य प्रदेशाचा बेत ठरला आणि ऑगस्टमध्येच टेबलावर नकाशा पसरला. मी कॉलेजात मराठी शिकवते. वेळापत्रक आखणे हा अंगवळणी पडलेला उद्योग. तासाला तास जोडायची सवय लागली, की माणूस गावाला गावही तसेच जोडू लागतो.

पहिला आराखडा मोठा भारदस्त होता. बेळगावहून आपल्या गाडीने पुणे, तिथून विमानाने भोपाळ आणि पुढे भाड्याच्या गाडीने सांची, भीमबेटका, पचमढी, जबलपूर, खजुराहो, ग्वाल्हेर, उज्जैन, इंदूर. परत विमानाने पुणे. सगळे मिळून दहा दिवस. यांनी फोनवर अंतरे मोजली, तर नुसत्या भाड्याच्या गाडीचाच हिशेब दीड हजार किलोमीटरच्या आसपास गेला. आठवीतल्या चिरंजीवांनी विचारले, "म्हणजे आपण बघायचं कधी?" आम्ही दोघांनी त्याला गप्प बसवले. मोठ्या माणसांच्या नियोजनात मुलांनी बोलायचे नसते ना!

आई शेजारीच शेंगा सोलत बसली होती. तिने हळूच विचारले, "भोपाळला किती दिवस?"

"अर्धा दिवस. उतरलो की तलाव बघायचा, मामींना भेटायचं आणि संध्याकाळी सांचीच्या वाटेला लागायचं."

आई "बरं" म्हणाली. एवढेच. पण दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेता घेता म्हणाली, "मला वहिनीकडंच ठेवा. तुम्ही जावा फिरायला. परत जाताना घेऊन चला म्हणजे झालं."

तिच्या हातात एक पिवळे पडलेले कार्ड होते. ते मी लहानपणापासून तिच्या ट्रंकेत पाहत आले आहे. माझा मामा १९६५ साली नोकरीसाठी भोपाळच्या हेवी इलेक्ट्रिकल्समध्ये, म्हणजे आजच्या 'भेल'मध्ये गेला आणि तिथलाच झाला. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. बातम्या रेडिओवर आल्या. आमच्याकडे फोन नव्हता. आठ दिवसांनी मामाचे कार्ड आले, "आम्ही सगळे सुखरूप आहोत. काळजी नसावी." तेव्हाच निघायचे आईच्या मनात होते. पण मी तीन वर्षांची, वडिलांची नोकरी नवी. "उन्हाळ्यात येते" असे तिने उलट टपाली कळवले. तो उन्हाळा काही आला नाही. मामाच अधूनमधून बेळगावला येत राहिला. २०१९ मध्ये तो गेला तेव्हा आईच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले होते, आणि नंतर कोरोना आला. सख्ख्या भावाचा समाचार तिने फोनवर घेतला. आता ती चौऱ्याहत्तर वर्षांची, मामी ऐंशीच्या.

आणि आम्ही तिला अर्धा दिवस देत होतो.

त्या दिवशी नकाशा पुन्हा पसरला. या वेळी गावांऐवजी मुक्काम आधी लिहिले. पुण्याला जाताना एक, भोपाळला चार, इंदूरला दोन, परतताना पुन्हा पुण्याला एक. पचमढी, जबलपूर, खजुराहो, ग्वाल्हेर ही नावे खोडताना हात थोडा जड झाला, हे कबूल करते. पण नीट पाहिले तेव्हा लक्षात आले, की भोपाळलाच तळ ठोकला तर सांची पन्नासेक किलोमीटरवर, भीमबेटका तेवढेच आणि भोजपूर त्याहूनही जवळ आहे. सकाळी निघून दुपारच्या जेवणाला परत येता येते. रोज बॅगा बांधा, रोज हॉटेल शोधा, ही धावपळ नाही.

वाचकांपैकी कुणाचा असा बेत असेल, तर अनुभवाच्या दोन-चार गोष्टी सांगते. बेळगावहून भोपाळ रस्त्याने हजार किलोमीटरच्या वर पडते. बरोबर वडीलधारे असतील तर आपली गाडी पुण्यापर्यंतच बरी. जाताना भोपाळला उतरावे आणि परतताना इंदूरहून विमान धरावे, म्हणजे एकच रस्ता दोनदा तुडवावा लागत नाही. भाड्याची गाडी ठरवताना चालकाचा रात्रीचा भत्ता, टोल आणि पार्किंग धरून आकडा विचारावा. सोमवार भोपाळच्या वाट्याला ठेवू नये, भारत भवनासह मोठी संग्रहालये त्या दिवशी बंद असतात. आणि रेल्वेने जाणार असाल तर जुन्या माणसांच्या तोंडचे 'हबीबगंज' वेळापत्रकात शोधू नका. २०२१ पासून ते स्टेशन 'राणी कमलापती' झाले आहे.

शेवटची गोष्ट म्हणजे, बेतात एक वेळ मोकळी सोडावी. आमचे सकाळचे विमान कंपनीने आयत्या वेळी संध्याकाळवर ढकलले. जुना आराखडा असता तर सांची तिथेच बुडाली असती. आता एवढेच झाले, की मामींच्या हातचे दुपारचे जेवण रात्री झाले.

मामी अवधपुरीत राहतात. फाटकापाशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. गाडीतून उतरल्यावर आई आणि मामी एकमेकींकडे नुसत्या पाहत राहिल्या. मग मामी म्हणाल्या, "किती उशीर केलात ताई!" त्या विमानाबद्दल बोलत होत्या की कशाबद्दल, ते मी विचारले नाही. साठ वर्षांच्या भोपाळने मामींच्या मराठीत हिंदी अशी मुरली आहे, की "बेटा, बैस, चाय ठेवते" हे वाक्य त्यांना कुठेच अडत नाही. नातवंडे आपसात हिंदी बोलतात, पण आजीशी मराठीच. पाट्यांवरच्या अक्षरांसाठी भांडण्यात पिढ्या गेलेल्या आम्हा सीमाभागातल्या माणसांना हे पाहताना गंमतही वाटते आणि थोडे हलकेही वाटते.

चार दिवसांत आम्ही पाहिले ते निवांत पाहिले. सांचीच्या वाटेवर कर्कवृत्त लागते. तिथे रस्त्यावरच तशी खूण आहे. चिरंजीवांनी एक पाय इकडे, एक पाय तिकडे ठेवून फोटो काढून घेतला. भूगोलाच्या पुस्तकातली ती तुटक रेघ त्याला पहिल्यांदा खरी वाटली. भोजपूरला राजा भोजाचे अकराव्या शतकातले शिवमंदिर अर्धवटच राहिले आहे. प्रचंड शिवलिंग पाहून माणूस थक्क होतोच, पण मला अधिक भावले ते आसपासच्या खडकांवर कोरून ठेवलेले मंदिराचे आराखडे. हजार वर्षे आराखडा शाबूत आणि मंदिर अपुरे! "आई, हा तुझ्यासारखाच," असा शेरा मागून आला.

भीमबेटक्याला जाताना विष्णु श्रीधर वाकणकरांची आठवण होणारच. नीमचला जन्मलेला आणि उज्जैनला राहिलेला हा मराठी माणूस. १९५७ मध्ये रेल्वेतून जाताना त्यांना दूरवर हे खडक दिसले, आणि ते पाहायला ते वाटेतच उतरले, असे सांगतात. तिथे सातशेहून अधिक शैलाश्रय निघाले. २००३ मध्ये ते जागतिक वारशाच्या यादीत गेले. आई पहिल्याच मोठ्या गुहेत, सावलीत बसून राहिली. हत्ती, हरणे, शिकारी अशी चित्रे पाहून आम्ही परत आलो तर म्हणाली, "त्या माणसानं गाडी चुकवली म्हणून तुम्हाला हे बघायला मिळालं."

तिसऱ्या दिवशी सकाळी, पोहे-जिलबी खाऊन झाल्यावर, आई म्हणाली, "तो कारखाना कुठं आहे?" मामी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग पदर सारखा करून म्हणाल्या, "चला, मीही येते."

कारखान्याच्या जुन्या भिंतीसमोर माय-लेकरांचा पुतळा आहे. तोंड हाताने झाकलेली आई, कडेवर बाळ, आणि पदराला धरून दुसरे मूल. १९८५ मध्ये तो उभारला. आत पडून राहिलेला तीनशेहून अधिक टन विषारी कचरा २०२५ च्या जानेवारीत पीथमपूरला हलवला आणि नंतर तिथे जाळला. म्हणजे तेवढे व्हायलाही चाळीस वर्षे लागली. जमिनीत मुरलेल्या विषाचा प्रश्न उरलाच आहे. रस्त्यावर रोजची वर्दळ होती, रिक्षा, भाजीच्या हातगाड्या, शाळेची मुले. आईने पर्समधून ते कार्ड काढले. मामींनी चष्मा लावून नवऱ्याचे अक्षर वाचले. "हे लिहिलं त्या दिवशी ते दवाखान्यात मदतीला गेले होते," त्या म्हणाल्या. "तिथून आले, हात धुतले आणि बसून लिहिलं. काळजी नसावी म्हणून लिहिलं, आणि रात्रभर झोपले नाहीत." चाळीस वर्षे आमच्या घरी होते ते कार्ड, पण त्यातली ही ओळ आम्हाला तिथे जाऊन वाचायला मिळाली.

संध्याकाळी दोघी मोठ्या तलावाच्या काठी बसल्या. आम्ही मुद्दामच लांब फिरत राहिलो. भारत भवनही तिथेच, तलावाकडे उतरत गेलेले. चार्ल्स कोरिआंनी बांधलेले हे कलाकेंद्र १९८२ मध्ये सुरू झाले. तिथल्या रंगमंडळाची सुरुवातीची घडी बसवली ती कर्नाटकातल्या ब. व. कारंतांनी. नाटके हिंदी, बोली बुंदेली, माणूस कन्नड. आपल्याकडच्या वादावादीत हे नाव कुणी घेत नाही.

पाचव्या दिवशी इंदूरकडे निघालो. पहिल्या आराखड्यात देवास म्हणजे 'चहा, दहा मिनिटे' होते. आता तिथे तासभर थांबलो. सांब्र्याच्या विमानतळापासून थोड्याच अंतरावर सुळेभावी आहे. १९२४ मध्ये तिथे जन्मलेले कुमार गंधर्व क्षयाने आजारी असताना, १९४८ मध्ये, हवा मानवेल म्हणून देवासला आले आणि १९९२ मध्ये जाईपर्यंत देवासचेच राहिले. माळव्याची लोकगीते आणि निर्गुणी भजने त्यांना इथे सापडली. टेकडीच्या पायथ्याशी त्यांचे घर आहे. आम्ही बाहेरूनच नमस्कार केला. घर सोडून गेलेली माणसे गावाला परकी होत नाहीत, हे आईला मामावरून ठाऊकच होते. मला ते देवासच्या त्या रस्त्यावर कळले.

उज्जैनचे महाकाल दर्शन, इंदूरचा राजवाडा आणि सराफ्यातले रात्रीचे खाणे हे सगळे यथासांग झाले. खजुराहो राहिले, ग्वाल्हेर राहिले. देवळे आणि किल्ले आणखी दहा वर्षे वाट पाहतील. ऐंशीच्या मामींना तसे सांगता येत नाही.

परवा त्यांचा फोन आला. पुढच्या हिवाळ्यात नातू त्यांना घेऊन येणार आहे. त्याने म्हणे गोवा, कोल्हापूर, महाबळेश्वर असा सात दिवसांचा बेत आखलाय. "बेटा," मामी म्हणाल्या, "त्यानं बेळगावला किती ठेवलंय, माहीत आहे? अर्धा दिवस! आता तूच त्याला समजाव."