एक पत्र आणि सात घोडेस्वार

गेल्या २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाचे औचित्य साधून आमच्या धर्मग्रामातील मुलांनी काव्यगायनाचा छोटेखानी कार्यक्रम सादर केला. बोईसरच्या कारखान्यांतून पाळी संपवून आलेले पालक, तारापूर-चिंचणीकडून आलेल्या आज्या, पालघरहून आलेले दोन शिक्षक अशी मंडळी जमली होती. अखेरीस आठवीतल्या एका मुलाने कुसुमाग्रजांची ‘वेडात मराठे वीर दौडले सात’ ही कविता खणखणीत आवाजात म्हटली. टाळ्यांचा कडकडाट झाला. आमचे हात मात्र मांडीवरच राहिले. कोणी तरी विचारले, “आवडली नाही का?” आवडली होती, फार आवडली होती. परंतु त्या कवितेचे आणि आमचे जुने देणेघेणे आहे. ते आज वाचकांपुढे मांडावे असे वाटते.

कवितेमागचा इतिहास थोडक्यात असा. शिवाजी महाराजांचे सरनोबत प्रतापराव गुजर यांनी १६७३ साली उमराणीजवळ विजापूरचा सरदार बहलोलखान याला कोंडीत पकडले. खानाने गयावया केली आणि प्रतापरावांनी त्याला जाऊ दिले. मोकळा सुटलेला खान पुन्हा स्वराज्यावर चालून आला. महाराज संतापले, खानाचा पराभव केल्यावाचून आम्हांस तोंड दाखवू नये, अशा आशयाचे त्यांचे कठोर शब्द सरनोबतांपर्यंत पोहोचले. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी, आजच्या कोल्हापूर जिल्ह्यातील नेसरीच्या खिंडीत, प्रतापराव अवघ्या सहा सोबत्यांसह खानाच्या सैन्यावर तुटून पडले. सातही जण कामी आले. राज्याभिषेक साडेतीन महिन्यांवर आला होता. तो पाहणे सरनोबतांच्या नशिबी नव्हते.

ही कविता शाळेत आपण सर्वांनी शौर्यगीत म्हणून म्हटली आहे. ती शौर्यगीत आहेच. तथापि सावकाश वाचू लागलो की तिच्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी दिसू लागतात.

पहिली गोष्ट म्हणजे कर्तव्य. सेनापतीने धन्याची आज्ञा पाळावी, हे सरळच आहे. दुसरी गोष्ट लाज, आणि ती केवळ रणांगणावरची नव्हे. कवीने राजाच्या पत्राला उपरोधाचा सूर दिला आहे आणि घरोघरच्या स्त्रियांनाही आता मान खाली घालावी लागेल, असा डंख त्यात ठेवला आहे. इतिहासात प्रतापरावांची चूक होती ती दया दाखवण्याची. कवितेत ती रण सोडून पळण्याची होते. दयेच्या चुकीपेक्षा पळण्याच्या चुकीची लाज कुटुंबाला अधिक झोंबते, हे कवीला ठाऊक असावे. शत्रूच्या भाल्याहून घरच्यांची खाली गेलेली नजर माणसाला खोल लागते.

तिसरी गोष्ट आम्हांला फार उशिरा दिसली. ते पत्र एकाला आलेले आहे, परंतु घोडे सात निघतात. त्या सहा जणांना कोणीही हुकूम केलेला नाही. आपल्या सेनापतीचे डोळे किंचित पाणावलेले त्यांनी पाहिले आणि ते उठले, इतकेच. प्रतापराव लाजेपोटी गेले असतील. ते सहा जण मात्र आपल्या निवडीने गेले. बाहेरून पाहणाऱ्याला सातही घोडे सारखेच दिसतात. एकाच्या पाठीवर मात्र चाबूक उठलेला आहे. स्वतःहून पुढे होणाऱ्या माणसांसाठी आपल्याला दूर जायला नको. पालघरच्या हुतात्मा चौकात १४ ऑगस्ट १९४२ या दिवशी गोळीबारात बळी पडलेल्या पाच जणांची स्मृती आहे. स्वतः होऊन पुढे टाकलेले पाऊल आणि टोचून टाकायला लावलेले पाऊल यांत अंतर असते, हे त्या चौकातून जाताना प्रत्येक वेळी जाणवते.

आणखी एक बाब. ही कविता विजयाच्या आरोळीने संपत नाही, ती वाऱ्यावरच्या विलापाने संपते. आणि शीर्षकात कवीने शब्द घातला आहे तो ‘वेड’ हा. त्याने सातांना वंदन केले आहे. त्या पत्राला मात्र शाबासकी दिलेली नाही.

आता आमचे देणेघेणे सांगतो. १९९४ साली आमचा थोरला मुलगा सैन्यात भरती झाला. आम्ही बोईसरला सर्व शेजाऱ्यांना पेढे वाटले, वसईच्या नातलगांना पत्रे लिहिली. रविवारच्या मिस्सानंतर लोक आमचा हात हातात घेऊन अभिनंदन करीत. सात महिन्यांनी मुलाचे पत्र आले. प्रशिक्षण आपल्याच्याने होत नाही, शरीर साथ देते परंतु मन देत नाही, रीतसर परवानगी घेऊन परत येत आहे, असे त्याने लिहिले होते. हीच कविता आम्ही त्याला लहानपणी पाठ करून घेतली होती आणि शाळेत त्याला तिच्यासाठी बक्षीसही मिळाले होते. आम्ही त्या रात्री कागद घेतला आणि राजाच्या थाटात उत्तर लिहिले. काय लिहिले ते सर्व येथे देववत नाही. शेवटचे वाक्य होते ते तोंड न दाखवण्याविषयीचे.

मुलाने आज्ञा पाळली. तो घरी आला नाही. तो सुरतेला एका मित्राकडे उतरला आणि तेथील कापड गिरणीत कामाला लागला. तीन नाताळ त्याच्यावाचून गेले. लोक विचारीत, “मुलगा सुट्टीवर कधी येणार?” आणि आम्ही काही तरी सांगून वेळ मारून नेत असू. ज्या लाजेपासून सुटण्यासाठी ते पत्र लिहिले होते, तीच लाज आम्ही तीन वर्षे घरात पोसली. चौथ्या वर्षी तो आला. कसा आला, कोणी बोलावले, हे आम्ही विचारले नाही आणि त्यानेही सांगितले नाही. आज तो तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो. त्याचा संसार सुखाचा आहे.

काही वर्षांपूर्वी त्याच्या मुलाला शाळेच्या प्रकल्पासाठी किल्ला पाहायचा होता, म्हणून आम्ही तिघे तारापूरच्या किल्ल्यावर गेलो. वसईच्या मोहिमेत जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने हा किल्ला पोर्तुगीजांकडून जिंकला. त्या लढाईत बाजी भिवराव रेठरेकर हा मोठा सरदार गोळी लागून पडला. त्याच्या आईला पेशव्यांकडून गेलेले सांत्वनाचे पत्र प्रसिद्ध आहे. गेलेल्या मुलाच्या जागी आता आपल्याला माना, असा त्याचा भाव आहे. मुलगा हे सारे नातवाला तटाच्या सावलीत सांगत होता. सांगता सांगता तो म्हणाला, “आजोबांनीही मला एकदा एक पत्र लिहिलं होतं.”

आमच्या छातीत धस्स झाले. नातवाने विचारले, “काय लिहिलं होतं?”

“घरी ये, असं,” मुलगा म्हणाला आणि त्याला पुढचा बुरूज दाखवायला घेऊन गेला.

ते खरे नव्हते. तसे पत्र आम्ही कधीच लिहिले नाही. ते त्याच्या आईने आम्हांला न सांगता लिहिले होते, हे आम्हांला तिच्या पश्चात तिच्या ट्रंकेत सापडलेल्या कच्च्या मसुद्यावरून कळले. मुलाने आपल्या मुलापुढे बापाची लाज झाकली. त्याच्या लाजेची दवंडी पिटण्याची धमकी देणारे आम्हीच होतो.

महाराजांनाही सरनोबतांच्या मृत्यूचे अतोनात दुःख झाले, असे सांगतात. पुढे १६८० साली त्यांनी प्रतापरावांची कन्या राजारामांसाठी सून करून घरी आणली. गेलेला माणूस परत येत नव्हता. त्याच्या लेकीला आपल्या घरात जागा देणे तेवढे राजाच्या हाती उरले होते. आमचा मुलगा खिंडीत गेला नाही, सुरतेला गेला, ही देवाची कृपा. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातला बाप मुलगा दूर असतानाच धावत निघाला होता. आम्ही दारातही उभे राहिलो नव्हतो.

म्हणून त्या दिवशी आमचे हात टाळीसाठी उठले नाहीत. आपली मुले ही कविता जरूर म्हणोत, तालासुरात म्हणोत. आपण पालकांनी मात्र तिच्यातील पत्र एकदा स्वतःसाठी वाचावे. परीक्षेत नापास झालेला, नोकरी सोडून आलेला, गुरुकुलातून माघारी फिरलेला मुलगा कोणत्याही घरी असू शकतो. त्याला लिहायचे पत्र त्या रात्री लिहू नये. सकाळी लिहावे, आणि आधी त्याच्या आईला वाचून दाखवावे.

नातवाला खरी हकीकत अद्याप कोणी सांगितलेली नाही. हा अंक घरी आला की आम्ही त्याच्या हाती देणार आहोत.