बुर्जी : यंत्राला न कळलेला डाव

१/ विदित गुजराथी यांच्या नाशिकमध्ये आज मुले संगणकासमोर बसून बुद्धिबळ शिकतात. मला हा खेळ आजोबांनी पंचवटीतल्या ओट्यावर शिकवला, आणि तोही देशी नियमांनी. त्या नियमांवरून मी त्यांच्यावर केलेला एक अन्याय आज सांगतो.

२/ एका डावात माझ्याकडे राजा आणि एकच प्यादे उरले होते. आजोबांकडे राजा आणि हत्ती. प्यादे त्यांच्या हत्तीच्या माऱ्यात होते. त्यांनी ते मारले नाही. हत्ती प्याद्याच्या पुढच्या घरात नेऊन त्याची वाट तेवढी अडवली.
“आजोबा, मारा ना!”
“मारलं तर बुर्जी होईल रे.”

३/ मित्रहो, बुर्जी म्हणजे बरोबरी. प्रतिपक्षाचा राजा एकटा उरला की देशी बुद्धिबळात डाव तिथेच संपतो. म्हणून जिंकणाऱ्याला शत्रूचे शेवटचे मोहरे जपून मात करावी लागते. मी तेव्हा शाळेत ‘खरे’ नियम शिकून आलो होतो. “असा नियमच नाही,” असे मी म्हणालो आणि पट उधळला. आजोबांनी त्यानंतर मला डावाला बोलावले नाही.

४/ पुढे संगणकाच्या नादाने मी बुद्धिबळाचे प्रोग्राम तपासू लागलो. त्यासाठी डावाच्या अखेरच्या मांडण्या उत्तम, कारण तिथे खरे उत्तर आधीच ठाऊक असते. मात झालेल्या स्थितींपासून एकेक चाल मागे जात प्रत्येक मांडणीचा निकाल नोंदवायचा. अशा संग्रहाला टेबलबेस म्हणतात. पाच मोहऱ्यांपर्यंतचा सिझिजी टेबलबेस सुमारे १ जीबीत मावतो.

५/ या पद्धतीची ताकद १९७०च्या दशकाच्या अखेरीस दिसली. केन थॉम्प्सन यांच्या संगणकाने हत्तीची बाजू घेतली आणि वजीर दिला अमेरिकी ग्रँडमास्टर वॉल्टर ब्राउन यांना. पुस्तके सांगत, वजीर सहज जिंकतो. ब्राउन यांना पहिल्या डावात ५० चालींत विजय मिळाला नाही. दुसऱ्यात मिळाला तो नेमक्या पन्नासाव्या चालीला.

६/ माझा प्रोग्राम या परीक्षेत उत्तम उतरला. मग सहज मी आजोबांचा तो डाव मांडला. क्षणात उत्तर आले : हत्तीने प्यादे मारा, विजय निश्चित. अगदी माझ्यासारखेच! देशी नियमांनी मात्र त्याच चालीने हातातला डाव बरोबरीत गेला असता.

७/ फरक एवढाच नाही. देशी खेळात प्यादे ज्या मोहऱ्याच्या घरी पोहोचते, तेच मोहरे होते. उंटाच्या पट्टीतले प्यादे उंटच होणार, वजीर नव्हे. म्हणजे पट तोच, मांडणी तीच. पण निकाल वेगळा.

८/ हा बदल आपल्याकडे कधी सुरू झाला, याची एक खूण छापील आहे. १८१४ साली मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचे बुद्धिबळावरील पुस्तक इंग्रजीत निघाले. मूळ ग्रंथ संस्कृत, मुख्य आशय निवडक मांडण्यांचा. पण हा खेळ युरोपीय पद्धतीला जुळवून घेतला आहे, असे त्याच्या शीर्षकातच म्हटले आहे. त्या काळी निदान तसे सांगण्याची गरज भासत होती. माझ्या पिढीला तीही भासली नाही.

९/ स्पेनचे अभियंते लिओनार्दो तोरेस केवेदो यांनी १९१२ साली बुद्धिबळ खेळणारे पहिले खरे यंत्र बांधले. पांढरा राजा आणि हत्ती घेऊन ते एकट्या काळ्या राजावर मात करी. आजोबांच्या पटावर तो डाव सुरूच झाला नसता; ती मांडणी म्हणजेच बुर्जी.

१०/ प्रोग्राम चुकला नाही. त्याला जे नियम दिले, त्यांनुसार त्याचे उत्तर बिनचूक होते. जुना डाव असो वा जुना माणूस, त्याचा निवाडा करण्याआधी तो कोणत्या नियमांनी खेळत होता हे विचारावे, एवढे मला उशिरा कळले. परवा तो डाव मी पुन्हा मांडला, हत्ती प्याद्यापुढे ठेवला आणि राजा हळूहळू जवळ आणला. मात झाली, तेव्हा माझे ते प्यादे पटावर जिवंत होते. हे दाखवायला आजोबा मात्र नव्हते.