लिंबोणीचे लाकूड

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेला महापूर आला आणि कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतील कित्येक परसांत पाणी साचून राहिले. अशाच एका परसातील लिंबोणी पुढे हळूहळू वाळून गेली. लिंबाच्या मुळांना ओलावा हवा असतो. पण साचलेले पाणी त्यांना सोसत नाही. हवा न मिळाल्याने ती कुजतात. झाड आजोबांच्या हातचे. आजोबा गेल्यापासून आजी रोज सकाळी त्याच्या खोडावर हात फिरवी.

वर्षभर वाट पाहूनही पालवी फुटेना, तेव्हा तीच म्हणाली, "आता बंबात घालू या. अंघोळीचं पाणी तरी तापेल."

नातवाला ते पटेना. त्याने गल्लीतील वृद्ध सुताराला गाठले. "मिस्त्री, आमच्या लिंबाचं लाकूड आहे." मिस्त्री कडुलिंब समजून मोठी करवत घेऊन आले! दोष मुलाचा नव्हे, भाषेचा. आपल्याकडे पाला लिंबाचा म्हटला की कडुलिंब, आणि लोणचे लिंबाचे म्हटले की लिंबू. प्राचीन रोममधील धनिक ज्या 'सिट्रस' लाकडाच्या मेजांवर संपत्ती उधळीत, तेही लिंबूवर्गातले नव्हते. उत्तर आफ्रिकेतील एका सूचिपर्णी वृक्षाचे होते. नाव फसवते, लाकूड मात्र फसवीत नाही.

मिस्त्रींनी एक फांदी कापली. आत फिकट पिवळा रंग, बारीक पोत, आणि डोळ्यांना सहज न दिसणारी सूक्ष्म छिद्रे. ती हातावर तोलून ते म्हणाले, "सागाहूनही जड हाय की!"

लिंबोणीचे खोड लहान. त्यातून ना दार होते, ना तुळई. परंतु लाकूड घट्ट व कठीण असल्यामुळे ते कातून घेतले की आरशासारखे गुळगुळीत होते. हत्यारांच्या मुठी, हातकाठ्या, लाटणी अशा लहान वस्तूंना ते उत्तम. अवगुण एकच : घाईने वाळवले तर ते तडकते. म्हणून टोकांना मेण लावून ते सावलीत दीर्घकाळ ठेवावे लागते.

"आक्का, वरीसभर थांबशीला का?" मिस्त्रींनी विचारले. आजी काही बोलली नाही.

जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी पुन्हा चढले. घर सोडण्याची घाई उडाली. कपडे, कागदपत्रे, धान्य यांची बांधाबांध चालू असता आजी कोठे दिसेना. ती परसातील ओंडके एकेक करून माळ्यावर चढवीत होती!

त्या वर्षीच्या दिवाळीत मिस्त्रींनी लाटणे आणून दिले. आजीने ते नाकाशी नेले. लिंबाचा सुगंध पानांत आणि फळाच्या सालीत असतो. वाळल्या लाकडात तो कोठून यावा? नातू हिरमुसला.

आजीने लाटण्यावरून सावकाश हात फिरवला.

"असू दे," ती म्हणाली, "हाताला ओळखीचं लागतंय."