नळ, नियम आणि आपण

हॉस्टेलमध्ये राहणाऱ्या माणसाला दोन गोष्टींची किंमत फार लवकर कळते. एक, घरचं जेवण आणि दुसरी, सकाळचं पाणी! जेवणावर या अंकात दरवर्षी कोणीतरी लिहितंच. म्हणून यंदा मी पाण्यावर लिहायचं ठरवलं. 'पाणी वाचवा' म्हटलं की शाळेतल्या घोषवाक्य स्पर्धा आठवतात आणि जांभई येते, हे मलाही माहीत आहे. पण मी लातूरचा. आमच्याकडे पाणी हा भाषणाचा विषय नसतो, तो रोजच्या भांडणाचा असतो.

2016 साली मी चौथीत होतो. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. पाण्याच्या टाक्यांपाशी मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून मार्च महिन्यात तिथे जमावबंदीचं 144 कलम लावावं लागलं. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. 10 वाघिणी, साधारण 5 लाख लिटर पाणी. टीव्हीवाल्यांनी ती दिवसभर दाखवली. 5 लाख लिटर म्हणजे केवढं तरी वाटतं ना? पण 2011 च्या जनगणनेत लातूरची लोकसंख्या पावणेचार लाखांच्या वर होती. भागाकार करून बघा. माणशी दीड लिटरसुद्धा येत नाही! पुढे 50 वाघिणींची गाडी सुरू झाली, तेव्हा एका खेपेला 25 लाख लिटर येऊ लागलं. त्या दिवसांत आई आम्हाला परातीत बसवून आंघोळ घालायची आणि परातीत साठलेलं पाणी संडासला वापरायचं, हा घरचा कायदा होता. त्याची नोटीस कुठे लावलेली नव्हती, पण तो मोडायची कोणाची टाप नव्हती.

आणि मग इंजिनिअरिंगला इकडे आलो. पहिल्याच आठवड्यात रात्री गच्चीवरून पाण्याचा धो धो आवाज ऐकला. मला वाटलं पाऊस. रूममेट म्हणाला, "झोप रे, टाकी भरली. रोजचंच आहे."

रोजचंच म्हणजे नक्की किती? एकदा आम्ही विंगमधल्या चौघांनी 20 लिटरची बादली ओव्हरफ्लोच्या पाइपाखाली धरली आणि मोबाइलवर वेळ लावली. अर्ध्या मिनिटात बादली भरली. मिनिटाला 40 लिटर. पंप बंद होईपर्यंत 25 मिनिटं गेली, म्हणजे 1000 लिटर गटारात. सिव्हिलवाल्यांना ठाऊक असेल, आयएस 1172 मध्ये हॉस्टेलसाठी माणशी रोजचं 135 लिटर पाणी धरतात. त्या हिशेबानं सात मुलांचं दिवसभराचं पाणी आम्ही झोपेत असताना वाहून जात होतं. गळका नळ त्यापुढे किरकोळ. सेकंदाला एक थेंब पडला, तर 20 थेंबांचा एक मिलिलिटर धरून दिवसाला सव्वाचार लिटरच्या आसपास जातं. पण असे 50 नळ असले तर तेही 200 लिटरच्या पुढे जातं.

पाण्याचे नियम आपल्याकडे नाहीत असं अजिबात नाही. कुठल्याही नगरपालिकेच्या गावात उन्हाळा लागला की रिक्षावर भोंगा लावून दवंडी सुरू होते. नळाला तोटी बसवा, लाइनला थेट मोटार लावू नका, पाइप लावून गाड्या धुऊ नका, रस्त्यावर सडा मारू नका, अन्यथा नळ कनेक्शन तोडण्यात येईल! बंगळूरमध्ये मार्च 2024 मध्ये टंचाई आली, तेव्हा तिथल्या पाणीपुरवठा मंडळानं पिण्याचं पाणी गाड्या धुवायला, बागेला किंवा कारंज्याला वापरल्यास 5000 रुपये दंड लावला. तीन दिवसांत 22 घरांकडून 1 लाख 10 हजार रुपये वसूल झाल्याची बातमी आली होती. त्याच सुमाराला मॉल, हॉटेलं अशा ठिकाणच्या नळांना एरेटर बसवणंही सक्तीचं केलं गेलं. एरेटर म्हणजे नळाच्या तोंडाला बसवायची छोटी जाळी. पाण्यात हवा मिसळते, धार तेवढीच वाटते, पाणी मात्र कमी लागतं. दंडापेक्षा मला ही जाळी जास्त आवडली. दंडाला माणूस पकडावा लागतो, जाळी तिचं काम गुपचूप करत राहते.

आता आमच्या हॉस्टेलची गोष्ट ऐका. गेल्या उन्हाळ्यात शहरात पाणीकपात झाली. मग हॉस्टेलचा नियम निघाला, सकाळी दोन तास आणि संध्याकाळी एक तास पाणी. पाणी वाचेल असं सगळ्यांना वाटलं. झालं भलतंच! ज्या खोलीत एक बादली होती तिथे तीन आल्या. पाणी येवो न येवो, म्हणून सगळे काठोकाठ भरून ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी ताजं पाणी आलं की 'शिळं' पाणी मोरीत ओतायचे. काही नळ पाणी नसताना उघडे राहायचे आणि पाणी आलं की आपोआप सुरू! मी लातुरात हेच पाहिलंय. आठ-दहा दिवसांनी नळ येणार म्हटलं की जुनं पाणी अंगणात ओतून ड्रम नव्यानं भरायचे. पाणी कमी आणि भीती जास्त, की माणूस साठवतो आणि साठवलेलं टाकतो.

याच्या उलट उदाहरण आपल्याच सातारा जिल्ह्यात आहे. कराडजवळच्या मलकापूरनं चोवीस तास पाणी द्यायची योजना केली आणि घरोघरी मीटर बसवले. जास्त वापराल तर वरच्या युनिटला जास्त दर. चोवीस तास पाणी म्हटल्यावर लोक उधळतील असं वाटेल, पण नळाला कधीही पाणी आहे म्हटल्यावर साठवायचं कारणच उरत नाही आणि मीटर फिरतोय म्हटल्यावर तोटी आपोआप घट्ट बंद होते. ही योजना देशभर नावाजली गेली.

मग आमच्याकडे काय झालं? टाकी वाहिली की दंड ठरला. पण तो कोणाला? पंपवाल्या काकांना! तीनदा टाकी वाहिली की त्यांचा एक दिवसाचा पगार कापायचा. काका रात्री एकटेच, दोन बिल्डिंगचे पंप त्यांच्याकडे. एकदा त्यांच्यासोबत मी गच्चीवर गेलो तर त्यांनी टॉर्च मारून टाकी दाखवली. फ्लोट व्हॉल्व्हचा बॉल तुटून तळाला पडलेला. म्हणाले, "बाळा, दोन वर्षं झाली सांगून. रजिस्टरमध्ये लिहिलंय सगळं." रजिस्टर काढलं तर खरंच, पाच वेळा नोंद! काका राहतात त्या वस्तीत पाणी पहाटे चारला येतं. म्हणजे इथली टाकी सांभाळून, घरी जाऊन हंडे भरायचे आणि वर इथल्या पाण्यापायी पगारही द्यायचा.

आम्ही 41 सह्यांचा अर्ज रेक्टर सरांना दिला. सोबत बादलीचा हिशेब आणि रजिस्टरच्या पानांची झेरॉक्स. सरांनी सगळं शांतपणे वाचलं आणि दुसऱ्या आठवड्यात प्लंबर आला. बॉल बसला, टाकी वाहायची थांबली. काकांचा कापलेला पगार परत मिळावा ही मागणी मात्र ऑफिसात अजून 'विचाराधीन' आहे. विंगवार मीटर बसवायची मागणीसुद्धा तिथेच पडून आहे.

म्हणून मित्रांनो आणि सर, एवढंच मागणं. मेकॅनिकल, सिव्हिल, इलेक्ट्रॉनिक्सची एवढी पोरं आपल्याकडे आहेत. प्रत्येक विंगला एक मीटर आणि टाकीला एक लेव्हल सेन्सर, एवढं प्रोजेक्टमध्ये सहज बसेल. महिन्याचा आकडा मेसच्या फळ्यावर लिहू. कुठली विंग किती वापरते ते सगळ्यांना दिसू दे. आणि ऑफिसात कोणाची ओळख असेल, तर आधी काकांची फाइल तेवढी पुढे सरकवा.