फिलाडेल्फियातल्या तीन इमारती

फिलाडेल्फियाच्या चेस्टनट स्ट्रीटवर लाल विटांचा इंडिपेंडन्स हॉल आहे. रेंजरच्या मागोमाग आम्ही सभागृहात शिरलो. हिरव्या कापडानं झाकलेली मेजं, वर पिसांच्या लेखण्या. यातलं बरंचसं सामान त्या काळचं, पण मूळचं नाही. समोरची उंच पाठीची खुर्ची मात्र अस्सल. १७८७च्या उन्हाळ्यात तिच्यावर बसून जॉर्ज वॉशिंग्टन यांनी अमेरिकेची संविधान परिषद चालवली.

कामकाज गुप्त होतं. प्रतिनिधी जेम्स मॅडिसन यांनी इथे रोज काढलेली टिपणं लोकांना वाचायला मिळाली थेट १८४०मध्ये. त्यांत भांडण दिसतं ते मुख्यतः संसदेतल्या वाट्याचं. लहान राज्यांना समान मत हवं होतं, मोठ्यांना लोकसंख्येप्रमाणे. १६ जुलैला तोड निघाली: प्रतिनिधिगृह लोकसंख्येवर, सिनेट समानतेवर. पण लोकसंख्येत गुलाम धरायचे का? मत नसलेले पाच गुलाम म्हणजे तीन माणसं, असा हिशेब ठरला आणि दक्षिणेच्या जागा वाढल्या. पेनसिल्व्हेनियाचे प्रतिनिधी गव्हर्नूर मॉरिस यांनी गुलामगिरीवर कडाडून टीका केली; अखेरच्या मसुद्याची भाषा घडवली तीही त्यांनीच. त्यात पळालेला गुलाम मालकाला परत देण्याचं कलमही होतं. १७ सप्टेंबरला ३९ जणांनी सह्या केल्या.

संविधानात हक्कांची सनद नाही म्हणून प्रतिनिधी जॉर्ज मेसन यांनी सही नाकारली होती. ती सनद १७९१मध्ये लागू झाली. तोवर देशाची राजधानी इथेच आली होती आणि शेजारच्या काँग्रेस हॉलमध्ये संसद भरत होती. तिनंच १७९३मध्ये पळालेल्या गुलामांना पकडून देण्याचा कायदा केला. आता राष्ट्राध्यक्ष असलेल्या वॉशिंग्टननी त्यावर सही केली.

तिथून थोडं चालल्यावर वॉशिंग्टन यांच्या निवासाची जागा लागते. घर पाडलेलं, आता भिंतींचा नुसता आराखडा. इथे त्यांचे नऊ गुलाम राबले. सलग सहा महिने राहिलेला गुलाम पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यानं मुक्त होऊ शकत असे, म्हणून वॉशिंग्टन त्यांना मुदतीआधी राज्याबाहेर हलवत. त्यांतली ओनी जज १७९६मध्ये इथून निसटून न्यू हॅम्पशायरला गेली. वॉशिंग्टननी माणसं धाडली, पण ती परतली नाही. १८४८मध्ये वारली तेव्हाही ती कायद्याच्या लेखी फरारीच होती. सभागृहात झालेली गुलामगिरीची ती तडजोड मोडायला पुढे यादवी युद्ध व्हावं लागलं. गुलामगिरी संपवणारी घटनादुरुस्ती झाली १८६५मध्ये.